कधीपासूनबाई

इस्पितळाच्या तळघरात स्कॅनचं यंत्र होतं आणि त्या यंत्रावर सव्वीस वर्षं एक बाई होती. यंत्रं तीन बदलली, बाई तीच. तिला तिच्या नावानं कोणी हाक मारत नसे. तोंडावर ‘मॅडम’ आणि पाठीमागे ‘कधीपासूनबाई’. हे नाव तिनं स्वतःच्या कष्टानं कमावलं होतं, त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

झालं होतं असं, की स्कॅनला पेशंट पाठवताना वरचे डॉक्टर एक चिठ्ठी लिहीत. पेशंटचं नाव, वय, कुठला भाग, आणि सगळ्यात खाली एक रकाना, ‘त्रास कधीपासून’. एवढे शिकलेसवरलेले लोक, पण हा रकाना भरायचा म्हटलं की त्यांच्या हाताला लकवा मारायचा. कोणी आडवी रेघ मारी, कोणी ‘बरेच दिवस’ लिही. एका महाभागानं तर ‘हो’ लिहिलं. तो ‘हो’ बघून बाईचं टाळकं सटकलं. चिठ्ठी घेऊन ती दोन जिने चढून गेली आणि भरल्या पेशंटांसमोर त्याला म्हणाली, “डॉक्टर, ‘कधीपासून’ला ‘हो’ हे उत्तर कुठल्या शाळेत शिकवतात, जरा पत्ता द्या. आमच्या गल्लीतली पोरं तिथे जायला नकोत.”

तेव्हापासून तिनं लाल शाईचा एक शिक्काच करून घेतला. रकाना कोरा दिसला की चिठ्ठीवर धाडकन शिक्का, ‘कधीपासून?’, आणि चिठ्ठी परत वर. डॉक्टर चरफडायचे. मोठ्या साहेबांकडे तक्रारी गेल्या. साहेबांनी तिला बोलावलं आणि पाच मिनिटांत स्वतःच वही काढून तिचं म्हणणं लिहून घेतलं, कारण बाईचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. तिची हीच तर पंचाईत होती. तोंड फाटकं आणि म्हणणं बरोबर, अशा माणसाचं कोणी काय करणार?

तिचं म्हणणं असं. डोक्यातली एखादी रक्तवाहिनी जन्मापासून किंवा वयानं कमजोर असते. तिला फुगवटा येतो, फुग्यासारखा. तो एक दिवस फुटतो. मेंदूभोवती जे पाणी असतं त्यात रक्त सांडतं, माणसाला विजेसारखी एकदम कळ येते, आणि मग मान आखडून खाली वाकेनाशी होते. पहिल्या सहा तासांत स्कॅन काढला तर ते रक्त पांढरंफेक दिसतं. दिसलं नाही, तर नाहीच, घरी जा. पण चार-पाच दिवस गेले की तेच रक्त विरघळतं, पातळ होतं, आणि स्कॅन धुतल्या ताटासारखा स्वच्छ येऊ शकतो. अशा वेळी पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागतं. ते पिवळट निघालं तर समजायचं, रक्त सांडून गेलंय आणि फुगा परत फुटायला टपून बसलाय. म्हणजे स्वच्छ स्कॅनचा पहिल्या दिवशी अर्थ ‘काही नाही’ आणि पाचव्या दिवशी अर्थ ‘माहीत नाही’. सगळा खेळ त्या एका रकान्याचा. हे तिनं शिकाऊ पोरापोरींच्या किती तुकड्यांना शिकवलं, त्याला हिशेब नाही. ज्यांना शिकायचं नव्हतं त्यांनाही शिकवलं.

बाकी दुखणाऱ्या डोक्यांबद्दल तिला काडीची सहानुभूती नव्हती. साहेबानं झापलं म्हणून दुखणारं डोकं, सून आवडत नाही म्हणून दुखणारं डोकं, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुखणारं डोकं, असे तिनं प्रकार पाडले होते. पेशंट दारातून आत आला की ती चालण्यावरून प्रकार ओळखायची आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायची. त्यामुळे तिचा स्वतःवर फार म्हणजे फारच विश्वास बसला होता.

आता घर. घरात नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सभ्य, मुकाट. दोन बायकांच्या मधे सापडलेल्या माणसानं जसं असावं तसा, म्हणजे असून नसल्यासारखा. बहिणीला तो अठ्ठावन्नाव्या वर्षीही ‘बेबी’ म्हणायचा. बेबी पहिल्यापासून मागच्या खोलीत राहायची, आता शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली होती, आणि तिला डोकेदुखी होती.

होती म्हणजे काय, तिचा तो धंदाच होता म्हणा ना. पाहुणे यायचे ठरले की डोकं. पडदे धुवायला काढले की डोकं. वहिनीला सुट्टी असली आणि घरात चार कामं निघाली, की वन्संनी कपाळाला फडकं बांधलंच म्हणून समजा. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, की फडकं सुटायचं आणि वन्सं टीव्हीसमोर यायच्या. हे बाईनं एक-दोन नाही, बावीस वर्षं बघितलं. तीनदा तिनं नणंदेला तळघरात नेऊन स्कॅनही काढला. तिन्ही वेळा काही नाही. ती चित्रं ती शिकाऊ पोरींना दाखवायची. “हे आमच्या वन्संचं डोकं. निरोगी डोकं कसं दिसतं ते बघून ठेवा, पुस्तकातसुद्धा इतकं छान मिळणार नाही.” पोरी हसायच्या.

एका रविवारी दुपारी बाई आठवड्याच्या पांढऱ्या कोटांना इस्त्री करत होती. वन्सं मागच्या खोलीतून आल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

“वहिनी, आत्ता डोक्यात काहीतरी झालं. मागून काहीतरी फुटल्यासारखं. असं कधीच झालं नव्हतं.”

‘असं कधीच झालं नव्हतं.’ शिकाऊ पोरांना ती फळ्यावर हेच वाक्य लिहून द्यायची. पेशंट हे बोलला की हातातलं काम टाकायचं, असं बजावायची. बाईनं इस्त्रीवरून नजरसुद्धा उचलली नाही.

“दर महिन्याला तुमचं कधीच झालेलं नसतं, वन्सं. संध्याकाळी माणसं यायचीत जेवायला, ते लक्षात आहे ना? मग आता नाटकं बंद करा आणि जाऊन पडा.”

वन्सं चौकटीला धरून वळल्या. मग जाऊन पडल्या. संध्याकाळी माणसं जेवून गेली, त्या उठल्या नाहीत. सोमवारी, मंगळवारी त्या बाहेर आल्या त्या भिंतीला धरून, आणि टीव्हीसमोर काही बसल्या नाहीत. हे बाईला दिसलं. दिसलं आणि तिनं मनात म्हटलं, या वेळी मुक्काम जरा लांबलाय. सव्वीस वर्षांत हजारो डोकी बघितलेल्या बाईचं हे निदान.

शुक्रवारी सकाळी वन्सं बेसिनशी ओकल्या आणि तिथेच फरशीवर बसल्या. बाई तेव्हा कामावर निघून गेली होती. नवरा घाबरला. शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्यानं बहिणीला इस्पितळात आणलं आणि तळघरात निरोप धाडला. बाई कॅज्युअल्टीत पोचली तेव्हा वन्सं खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. दुखणं थांबायचं इंजेक्शन दिल्यामुळे गुंगीत होत्या. डॉक्टर नवा, तीन महिन्यांपूर्वी आलेला. या तीन महिन्यांत बाईनं त्याच्या सात चिठ्ठ्या शिक्का मारून परत पाठवल्या होत्या. तिला बघताच तो बिचारा सावरून उभा राहिला आणि आधी तोच प्रश्न विचारला.

“कधीपासून दुखतंय यांचं?”

“सकाळी उलटी झाली,” नवरा म्हणाला. त्याला तेवढंच माहीत होतं. घरात काय चाललंय ते या माणसाला नेहमी तेवढंच माहीत असायचं.

डॉक्टर बाईकडे बघायला लागला. आजूबाजूला सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सगळे तिला ओळखणारे, सगळ्यांनी कधी ना कधी तिच्या तोंडाचा पट्टा खाल्लेला. आणि हिनं काय सांगायचं होतं? रविवारपासून? मला सांगितलं होतं आणि मी इस्त्री करत होते? बाईनं डॉक्टरच्या हातातून चिठ्ठी ओढून घेतली.

“द्या इकडे. तुमच्यानं हा रकाना जन्मात भरायचा नाही.”

आणि तिनं स्वच्छ वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आज सकाळी सात’.

ती गोंधळली, घाई होती, असलं काही कोणी म्हणू नये. तिला रविवार आठवत होता. दुपारची वेळसुद्धा आठवत होती. आपलं हसं होऊ नये, एवढ्यासाठी तिनं ते लिहिलं. स्वतःच्या मनाला तिनं सांगितलं की वन्संचं डोकं आहे ते, त्यात काय निघणार आहे.

स्कॅन तिनं स्वतः काढला. पडद्यावर चित्रं एकेक करून उतरली. स्वच्छ. पांढरा ठिपका नाही. आणि बाईला काय वाटलं असेल? हायसं वाटलं, हे खरं, पण त्याच्या आधी वाटलं, बघा, म्हटलं नव्हतं? नणंद यंत्राच्या फळीवर डोळे मिटून पडलेली आणि ही काचेपलीकडे जिंकल्यासारखी बसलेली. रिपोर्टवाले साहेब वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत चित्रं बघायचे, पेशंटचं तोंड त्यांनी गेल्या दहा वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठीतली वेळ बघितली, चित्रं बघितली आणि लिहून टाकलं, ‘सुरुवातीपासून चार तासांच्या आत स्कॅन, रक्तस्राव नाही’. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं खाली ‘अर्धशिशी’ लिहिलं, तीन गोळ्या लिहिल्या आणि घरी सोडायचा कागद केला. नवरा गोळ्या आणायला गेला.

बाईनं कागद घडी करून पिशवीत घातले. वन्सं खाटेच्या कडेला बसल्या होत्या, गुंगी उतरत होती. त्या चपला घालायला लागल्या. समोरच्या भिंतीकडे सरळ बघत त्या खाटेखाली पायानं चपला चाचपडत होत्या. एक सापडली. दुसरी पालथी होती, ती पायाला लागत होती पण सुलटी होईना. तरी वन्सं खाली बघत नव्हत्या.

बाईच्या हातातली पिशवी होती तिथेच राहिली.

“वन्सं, हनुवटी छातीला लावा बरं.”

“नाही लागत,” वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. “रविवारपासून मान वाकत नाही. राहू दे, तुम्हाला उशीर होत असेल.”

हे कोणी ऐकलं नाही. सिस्टर पडद्यापलीकडे, नवरा औषधांच्या रांगेत. बाईनं ती पालथी चप्पल सुलटी केली, वन्संच्या पायात घातली, आणि मग ती काढून घेऊन त्यांना परत खाटेवर आडवं केलं. डॉक्टरचं टेबल वीस पावलांवर होतं. तिथे पोचायला तिनं किती वेळ घेतला, सांगायला लाज वाटते. वाटेत ती पाणी प्यायली. भिंतीवरची वाकडी पाटी सरळ केली. हात धुतले. आणि पोचल्यावरही सरळ बोलली का? छे.

“डॉक्टर, पाण्याची तपासणी करून टाकू या का? आपल्या खात्रीसाठी.”

डॉक्टरला आश्चर्य वाटलं. “मॅडम, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. सहा तासांच्या आतला स्कॅन स्वच्छ असेल तर उगीच सुई टोचायची नाही. घरचं माणूस आहे म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय, समजू शकतो मी.”

तो टोमणा मारत नव्हता, यातच सगळं आलं. मनापासून बोलत होता. सात चिठ्ठ्या परत घेऊनही तो पोरगा तिच्याकडून शिकला होता, आणि जे शिकला होता ते बरोबर होतं. तिच्या खोट्यावर तो तिच्याच खऱ्याचं कुलूप लावून बसला होता.

“रकाना चुकीचा आहे,” बाई म्हणाली.

“म्हणजे?”

“रविवार दुपार. अडीच वाजता. एकदम कळ आली, असं कधीच झालं नव्हतं म्हणाल्या. मला सांगितलं होतं त्यांनी. मी लक्ष दिलं नाही, आणि आज खोटी वेळ लिहिली. मान आखडलीय, छातीला लागत नाही. आज पाच दिवस होत आले.”

तिला वाटलं आता सगळा विभाग गोळा होईल. सव्वीस वर्षांची उधारी आज सगळे मिळून वसूल करतील. तसं काही झालं नाही. डॉक्टरचा चेहरा उतरला, तो उठला आणि पळालाच. तिचा अपमान करायला कोणाला वेळ नव्हता.

मणक्यातलं पाणी काढलं. चार छोट्या नळ्या भरल्या. नितळ पाण्यासारखं असायला हवं होतं, ते चारही नळ्यांत पिवळट होतं. मग शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा स्कॅन काढायचा ठरला. यंत्रावर दुसरं कोणी नव्हतं, तोही तिलाच काढावा लागला. या वेळी ती काचेपलीकडे जिंकल्यासारखी बसली नव्हती. चित्र उतरलं. मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे बेचक्यात वाटाण्याएवढा फुगा. एकदा फुटून कसाबसा बुजलेला. पाच दिवस तो घेऊन वन्सं भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जात-येत होत्या, आणि पुन्हा फुटता तर न्हाणीघरातच संपल्या असत्या. आणि तीन गोळ्या देऊन त्यांना आत्ता घरी पाठवणार होते.

तो फुगा भरायला डॉक्टर आले. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत न्यायची, तिच्यातून केसासारखी मऊ तार फुग्यात सोडायची आणि वेटोळी करून तो गच्च भरून टाकायचा, म्हणजे रक्त आत शिरतच नाही. संध्याकाळपर्यंत दार बंद होतं. बाहेर बाकावर नवरा आणि बाई.

“बेबीनं तुला रविवारी सांगितलं होतं?” नवऱ्यानं विचारलं. कॅज्युअल्टीत कोणाकडून तरी त्याला कळलं असणार.

“हो.”

“मग तू काय म्हणालीस?”

“नाटकं बंद करा म्हणाले.”

तो उठला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं स्वतःच्या मनानं केलेली ही पहिलीच हालचाल असावी. बाई त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं वर बघितलं नाही.

वन्सं वाचल्या. पुढचे दोन आठवडे त्यांना इस्पितळातच ठेवलं, कारण असं रक्त सांडलं की मेंदूच्या बाकीच्या रक्तवाहिन्या मागाहून आकसू शकतात. त्यासाठी दर चार तासांनी गोळी. बाई सुट्टी काढून उशाशी बसली. उशी नीट कर, पाणी दे, गोळी दे. वन्सं प्रत्येक वेळी “बरं झालं” म्हणायच्या. कुठे दुखतंय का विचारलं तर “नाही” म्हणायच्या. बाईनं एकदा माफीही मागितली. आयुष्यात सवय नाही, त्यामुळे फार वाईट मागितली. आवाज चढवून, भांडल्यासारखी. वन्सं म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं, मीच इतकी वर्षं खोटी दुखणी काढली.” आणि कुशीवर वळल्या. बाईला वाटलं, मिटलं.

घरी आल्यावर कपाळाचं फडकं कधी दिसलं नाही. पाहुणे आले, पडदे धुवायला काढले, वन्सं उभं राहून हाताखाली काम करू लागल्या. बाई आता सकाळी, संध्याकाळी विचारायची, “वन्सं, डोकं कसं आहे?” उत्तर एकच, “छान आहे.” तळघरात तिनं तो लाल शिक्का मारणं चालू ठेवलं, डॉक्टरही शहाण्यासारखे रकाने भरत राहिले, आणि नाव काही बदललं नाही. शिकाऊ पोरींना दाखवायची ती तीन जुनी चित्रं मात्र तिनं काढून टाकली.

तीन महिन्यांनी तपासणीला बोलावलं. फुगा भरणाऱ्या डॉक्टरांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बाई कोट घालूनच वर आली, स्कॅनचे कागद तारखेप्रमाणे लावून, गोळ्यांची यादी करून. कोणती गोळी कधी सुरू आणि कधी बंद, सगळं वेळेसकट. डॉक्टरांनी यादीचं कौतुक केलं. मग खुर्ची वळवून त्यांनी वन्संना विचारलं, “बोला, आता काही त्रास? डोकं दुखतं का?”

“छान आहे त्यांचं,” बाई म्हणाली. “मी रोज विचारते.”

वन्संनी मांडीवरच्या पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “वहिनींना जरा बाहेर बसायला सांगाल का? त्या समोर असल्या की मला नीट सांगता येत नाही.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईला उत्तर देता आलं असतं, रागाला उत्तर देण्यात तिचा हात धरणारं त्या इस्पितळात कोणी नव्हतं. डॉक्टरांनी अवघडून तिच्याकडे बघितलं. बाई उठली. कागद टेबलावर ठेवले, ते सरळ केले, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बाहेर पेशंटांचे नातेवाईक बसायचे त्या बाकावर ती बसली. शेजारच्या म्हाताऱ्यानं तिचा पांढरा कोट बघून विचारलं, “डॉक्टर आत आहेत का हो?” ती म्हणाली, “आहेत. पेशंट सांगतोय.” आतून वन्संचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तो बराच वेळ येत होता.